शंभर टक्के म्हणजे किती

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माझ्या दिवसात एकच ठरलेलं काम उरलं. सकाळचा चहा झाला की अक्काला व्हिडिओ कॉल करायचा.

माझी सगळी नोकरी तिकीट खिडकीमागे गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं लोणावळ्यातच. खिडकीतून आधी हात दिसायचे, चेहरा क्वचित. बोलणं म्हणजे ‘कुठलं?’, ‘किती?’ आणि ‘सुट्टे द्या’. घरी आल्यावर बोलायची इच्छा उरत नसे. नवऱ्याचीही त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण तो माझ्याहून अबोल होता. साठी ओलांडल्यावर मला रोज गप्पा मारायची चटक लागेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर माझा विश्वास बसला नसता.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन तळेगावजवळच्या आंबीला गेली ती तिथलीच झाली. तिचे मालक वारल्यावर मुलाने पिंपरीला राहायला ये म्हणून फार आग्रह केला, पण दोन भातखाचरं आणि एक म्हैस सोडून ती हलली नाही. म्हशीला सकाळ-संध्याकाळ धार काढायला माणूस लागतं, आणि अक्काशिवाय दुसऱ्या कुणाला ती कासेला हात लावू देत नसे. त्यामुळे अक्का कुठेच मुक्कामाला जात नसे. माझ्याकडे लोणावळ्याला आली तरी दुपारच्या लोकलने परत. ती म्हैस आमच्या माहेरच्या दावणीची. आईने अक्काला लग्नानंतर एक रेडी पाठवली होती, तिच्या पोटची पुढची कितवी तरी पिढी. तो हिशेब अक्का तोंडपाठ सांगायची आणि मी दरवेळी विसरायची.

व्हिडिओ कॉल लागला की पडद्यावर पहिल्यांदा म्हैस यायची. मग चूल, मग विहाराकडे जाणारी वाट, मग कुणाच्या तरी दारातला पेंढ्याचा ढीग, आणि सगळ्यात शेवटी अक्काचं कपाळ. पूर्ण चेहरा कधी दिसलाच नाही. फोन कुठे धरायचा हे तिला कळायचं नाही आणि मी सांगायचे नाही. मला ते कपाळ पुरत होतं.

माझ्याकडचा फोन मुलाचा जुना. तो लोणावळ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. त्याने नवा फोन घेतला तेव्हा हा मला दिला. एका कोपऱ्यात काच चिरलेली होती, बाकी काही दुखणं नव्हतं. सुरुवातीचे काही महिने रात्री चार्ज केला की दुसऱ्या रात्रीपर्यंत चालायचा. मग तो संध्याकाळीच मान टाकायला लागला. मग दुपारी. हे एका दिवसात झालं नाही, म्हणून नेमकं कधी सुरू झालं ते मला सांगता येत नाही. केस गळतात तसं ते झालं. रोज काहीच वाटत नाही, आणि एक दिवस आरशात भांग रुंद दिसतो.

मुलाच्या ते लक्षात आलं, कारण मी दुपारीही चार्जर लावून बसलेली त्याला दिसायला लागले.

“आई, तू दिवसभर काय बघत असतेस त्याच्यात?”

“काही नाही रे. सकाळी अक्काशी बोलते. दुपारी एखादा विणकामाचा व्हिडिओ.”

“दाखव.” त्याने फोन घेतला, आत कुठेतरी जाऊन एक यादी काढली आणि माझ्यासमोर धरली. कशाने किती बॅटरी खाल्ली ते त्यात होतं. सगळ्यात वर व्हिडिओ कॉल, आणि त्याची पट्टी बाकीच्या सगळ्यांपेक्षा लांब. “हे बघ. निम्म्याहून जास्त तुझ्या आणि मावशीच्या गप्पांत जाते. बॅटरीचा काय दोष?”

तो ओरडला नाही. हसतच म्हणाला. पण मला ते लागलं. आयुष्यभर माझी कॅश कधी कमी भरली नव्हती, आणि आता घरातल्या घरात मी उधळी ठरत होते.

मग मी काटकसरीला लागले. विणकामाचे व्हिडिओ बंद केले. पडद्याचा उजेड इतका कमी केला की चष्मा लावूनही आकडे दिसेनात. अक्काशी व्हिडिओ कॉल सोडून साधा कॉल सुरू केला. तिला सांगितलं, “फोन जरा त्रास देतोय, नुसतं बोलू.” ती म्हणाली, “बरं.” त्या दिवसापासून म्हैस मला दिसायची बंद झाली.

एवढं करूनही फोन दुपारपर्यंत टिकेना. मला वाटलं, मीच मोजायला चुकतेय. आपण पाच मिनिटं म्हणतो तेव्हा पंधरा होत असतील.

थंडीचे दिवस होते. आमच्या घरात रेंज फक्त गॅलरीत चांगली येते, म्हणून मी सकाळी शाल गुंडाळून तिथे उभी राहायची. दरीकडून वारा येतो आणि सकाळी गॅलरीचं लोखंड हाताला चटका देईल इतकं गार असतं. अशाच एका सकाळी अक्काचाच फोन आला. आदल्या रात्री मी फोन चार्जिंगला लावायला विसरले होते, म्हणून उचलताना आकडा बघितला. सत्तावीस. म्हटलं, एका बोलण्यापुरतं भरपूर झालं.

नेहमीचं बोलणं झालं. तिच्याकडे भाताची झोडणी होऊन गेली होती, पेंढा रचून झाला होता. मग ती म्हणाली, “बाय, तुला येक इचारायचं हाय. मला खरं काय ते सांग हां.”

“विचार की.”

आणि फोन काळा झाला. सूचना नाही, काही नाही. बटण दाबलं तर नुसतंच रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं आणि गेलं.

मी आत येऊन चार्जर लावला. फोन सुरू व्हायला वेळ लागला. सुरू झाल्यावर लगेच अक्काला लावला, तर तिने उचलला नाही. संध्याकाळी उचलला.

“अक्का, फोन बंद पडला गं सकाळी. काय विचारत होतीस?”

“काय न्हाई.”

“अगं, खरं सांग म्हणालीस ना?”

“झालं त्ये. आता काय न्हाई. तू ठेव, मला वाढायचंय.”

तिचा आवाज कोरडा होता. तिला कामाची घाई असेल असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर ‘व्हय’, ‘न्हाई’ आणि ‘बरं’ एवढ्यातच बोलणं संपलं. तिसऱ्या दिवशीही तेच. अशा बोलण्यासाठी रोज बॅटरी कशाला जाळायची, असं माझ्याही मनात आलं आणि मी एक दिवसाआड फोन करायला लागले. मग दोन दिवसांआड. तिच्याकडून फोन यायचा तर बंदच झाला होता.

रविवारी सून घरी असते. ती आंबीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, दुचाकींच्या बॅटऱ्या बनतात अशा एका कारखान्यात, तपासणी विभागात. सकाळच्या लोकलने तळेगावला जाते आणि तिथून कंपनीची बस. अक्काचं घर तिथून फार लांब नाही, पण गाव नदीकडच्या बाजूला आणि कारखाने दुसरीकडे. शिवाय कंपनीची बस वाटेत कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे तिचं तिकडे जाणं होत नसे.

त्या रविवारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. माझा फोन शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला होता. तिने सहज त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आई, हा तापलाय. उन्हात का ठेवता?”

“तिथेच प्लग आहे गं. आणि दिवसातून दोनदा लावावाच लागतो. माझं बोलणंच फार.”

“तुमचं बोलणं फार?” ती हसली. “तुम्ही आजकाल मावशींना तरी कुठे फोन करता?”

मी तिला सगळं सांगितलं. यादीतली लांब पट्टी, काटकसर, सगळंच. सत्तावीस टक्क्यांवर फोन बंद पडल्याचं सांगितलं तेव्हा तिने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. फोनच्या सेटिंगमध्ये ती आत आत जात राहिली आणि एका ठिकाणी थांबली. तिथे ‘बॅटरी हेल्थ’ असं लिहिलेलं होतं. मग तिने स्वतःचा फोन काढून शेजारी धरला. तिने आणि मुलाने हे फोन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले होते. अगदी तेच मॉडेल. तिच्या फोनवर सत्त्याऐंशी आकडा होता. माझ्यावर एकाहत्तर.

“म्हणजे आता एकाहत्तर टक्के चार्ज आहे का?” मी विचारलं.

“नाही. चार्ज किती आहे ते वर कोपऱ्यात दिसतं. हे वेगळं आहे. नवी असताना या बॅटरीत जेवढं मावत होतं, त्यातलं आता एवढंच मावतं. बाकीची जागा गेली.”

“कुठे गेली?”

“झिजली. प्रत्येक वेळी चार्ज करताना आणि वापरताना आतल्या रसायनांत थोडा फरक पडतो, तो परत फिरत नाही. सगळ्याच बॅटऱ्यांचं होतं. आमच्याकडे तर हेच बघायचं काम असतं, भरायची, रिकामी करायची, परत भरायची, आणि दरवेळी किती मावलं ते लिहायचं.”

“पण रात्रभर लावला की शंभर दाखवतो की गं.”

“दाखवणारच. शंभर म्हणजे आज जेवढं मावतं तेवढं पूर्ण भरलं. ते शंभर पहिल्या दिवसाच्या शंभराएवढं नसतं. तुमच्या आजच्या शंभरात त्या वेळचे सत्तरच आहेत. तुम्ही तेवढंच बोललात तरी आकडा भराभर उतरणार.”

मग मी त्या पट्टीचं विचारलं. ती म्हणाली, पट्टी फक्त वाटा दाखवते. जे काही खर्च झालं त्यातलं कशावर किती, एवढंच. मुळात भांड्यात किती होतं हे पट्टी सांगत नाही. हे मला लगेच समजलं. खिडकीवरसुद्धा निम्मी तिकिटं पुण्याची गेली असं सांगितलं, तर एकूण किती गेली हे त्यातून कळत नाही.

“आणि सत्तावीसवर बंद कसा पडला?”

“जुनी बॅटरी थंडीत अशी दगा देते. आकडा हा फोनने बांधलेला अंदाज असतो. गार वाऱ्यात, जोर लागला की झिजलेल्या बॅटरीला तो पेलत नाही आणि फोन सरळ बंद होतो. आत थोडं शिल्लक असतंच, पण देता येत नाही.”

एवढ्यात मुलगा ड्युटीवरून आला. सुनेने दोन्ही फोन त्याच्यासमोर धरले.

“सेम फोन, सेम दिवशी घेतलेले. आईंकडे येऊन किती दिवस झाले? त्याआधी दोन वर्षं कुणाकडे होता?”

तो बूट काढता काढता थांबला.

“बाइकच्या हँडलला लावून उन्हात मॅप बघत कोण फिरायचं? चार्जिंगला लावून क्रिकेटचा गेम कोण खेळायचं? मी तेव्हाही सांगत होते, तापतोय, ठेव. उष्णतेइतकं बॅटरीचं वाईट दुसऱ्या कशाने होत नाही.”

“बरं, बरं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “आई, मला खरंच वाटलं तुझं बोलणं...” आणि वाक्य तसंच सोडून हात-पाय धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात जाताना तो फोन घेऊन गेला आणि बाजारातल्या दुकानातून बॅटरी बदलून आणली.

नव्या बॅटरीवर पहिला फोन मी अक्कालाच लावला. बंद. दुपारी बंद, संध्याकाळीही बंद. तिच्या मुलाला पिंपरीला फोन केला तर तो म्हणाला, “मावशी, तिचा फोन बिघडलाय वाटतं. शेजारच्यांच्या फोनवरून बोलली परवा. मी रविवारी जाणार आहे.”

मला रविवारपर्यंत थांबवेना. खरं म्हणजे फोनपेक्षा तो कोरडा आवाज मला बोचत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने मी तळेगावला उतरले आणि शेअर रिक्षाने पूल ओलांडून आंबीला पोचले.

अक्का दारातच होती, तांदूळ पाखडत. मला बघून उठली, पण नेहमीसारखी पुढे आली नाही.

“आलीस व्हय. बस. पानी देते.”

“फोन का बंद आहे तुझा?”

“चालूच हुईना. दोन दिवस झालं चार्जिंगला लावून ठिवलाय, तरी न्हाई.”

“कुठाय?”

तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. पत्र्याखालची खोली, दुपारी भट्टीसारखी तापते. भिंतीवरच्या खिळ्याला एक छोटी कापडी पिशवी लटकत होती. खणाच्या तुकड्याची, आतून जाड अस्तर, वर नाडी. खाली वायरपुरतं भोक ठेवून त्याला काज करतात तसा टाका घातलेला. धूळ जाऊ नये म्हणून अक्काने ती स्वतः शिवली होती आणि फोन कायम त्या पिशवीत, चार्जिंगला लावूनच ठेवत होती. तिच्याकडे लाइट केव्हाही जाते, म्हणून असेल तेव्हा भरून घ्यायची. नाडी सोडायच्या आधीच मला हाताला गरम लागलं. आतून फोन काढला तर मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं आणि समोरची काच कडेने वर आली होती. चिंबोरीच्या पाठीसारखा फुगवटा.

मी तो दाबून बसवायला गेले असते, पण कसं कोण जाणे, आधी सुनेला फोन केला. ती तिथून जवळच, कारखान्यात होती. तिने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

“आई, आधी भिंतीवरचं बटण बंद करा. मग वायर काढा. झाकण अजिबात दाबू नका. काही टोचू नका. घराबाहेर न्या, दगडावर किंवा मातीवर ठेवा, सावलीत. आजूबाजूला पेंढा नको, काही पेटेल असं काही नको. मी सुटल्यावर येते.”

मी बटण बंद केलं, वायर काढली. अक्का मागे उभी राहून बघत होती. “फुटंल व्हय?” तिने विचारलं.

“नाही फुटणार. पण घरात नको. घमेलं आहे का? आणि वाळू?”

मोरीच्या मागे थोडी वाळू होती. ती लोखंडी घमेल्यात घेऊन मी त्यावर फोन ठेवला. अंगणात सगळीकडे पेंढा. शेजारी पेंढा, कुंपणाला पेंढा. ठेवायचं कुठे?

“गोठ्यात फरशी आहे ना? पण म्हैस असेल.”

“ठेव गोठ्यात,” अक्का म्हणाली. “काय न्हाई तितं.”

मी घमेलं घेऊन घराच्या मागे गेले. गोठा झाडून स्वच्छ केलेला. फरशीवर शेण नाही, काडी नाही. दावं गुंडाळून खुंट्याला ठेवलेलं. मी घमेलं मधोमध ठेवलं आणि तिथेच उभी राहिले. अक्का दारात आली.

“म्हैस कुठाय?”

“इकली.”

“कधी?”

“तुला इचारलं तवाच. त्याच हप्त्यात.”

“मला कधी विचारलंस?”

तेव्हा ती माझ्यावर चिडली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. “आगं, फोनवर न्हाई का इचारलं? म्हनलं, माझं गुडघं आता बसून धार काढू देत न्हाईत. म्हनलं, आईच्या दावणीची हाय, इकावी का न्हाई तूच सांग. समदं सांगितलं तुला. रडले बी. आन तू गप. चकार शब्द न्हाई. मंग फोनच ठिवलास. म्या म्हनलं, राग आला हिला. आईची वस्तू मी इकतेय म्हनून. त्यानंतर तुझं फोन बी कमी झालं. मंग काय समजायचं मी?”

मला उलगडायला थोडा वेळ लागला. माझा फोन काळा झाला होता, पण तिकडे तो लगेच तुटला नव्हता. ती बोलत राहिली होती, आणि तिला वाटत होतं मी ऐकतेय. पुढे तुटल्याचा आवाज आला तो तिला माझ्या रागाचा वाटला.

“अक्का, मी त्यातलं काहीच ऐकलं नाही. तू ‘खरं सांग’ म्हणालीस, मी ‘विचार की’ म्हटलं, आणि फोन मेला माझा. शपथ.”

“मग सांजच्याला का न्हाई म्हनलीस?”

“म्हटलं की! काय विचारत होतीस म्हटलं. तू म्हणालीस, झालं ते.”

ती आठवत राहिली. मग खाली बसली, गोठ्याच्या उंबऱ्यावरच. “म्हनली व्हतीस,” ती म्हणाली. “मला वाटलं, मुद्दाम म्हनतीय. इसरल्यासारखं करून.”

मीही तिच्या शेजारी बसले. तिथून घमेल्यातला तो फुगलेला फोन समोर दिसत होता. मी तिला बॅटरीचं सांगितलं, जसं सुनेने मला सांगितलं होतं तसं. शंभर म्हणजे काय, सत्तावीस म्हणजे काय, व्हिडिओ का बंद केला, रोजचा फोन का बंद केला. ती मधे मधे ‘व्हय?’ करत होती. सगळं तिला पटलं की नाही माहीत नाही. पण मी गप्प का होते एवढं तिला कळलं. तिला तेवढंच हवं होतं.

“आन तू काय म्हनली असतीस?” तिने विचारलं. “ऐकलं असतंस तर?”

खोटं बोलायचं कारण नव्हतं. “आधी नको म्हटलं असतं,” मी म्हणाले. “मग तुझे गुडघे आठवले असते.”

ती हसली नाही, पण उठून चहा ठेवायला गेली. जाता जाता म्हणाली, म्हैस जवळच्याच नवलाख उंबरे गावात दिलीय, माणसं चांगली आहेत, महिन्या-दोन महिन्यांनी बघून येईन. नंतर कळलं, ती तोवर दोनदा बघून आली होती.

सून संध्याकाळी कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या स्कूटरवरून आली. तिने फोन बघितला आणि तसाच घमेल्यात राहू दिला. मग पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली.

“मावशी, काय सुरेख शिवलीय हो.”

“धूळ जाऊ नये म्हनून.”

“धूळ नाही गेली, पण गरमी आतच राहिली. चार्ज होताना फोन तापतो, त्याला हवा लागते. वरून पत्र्याची खोली. आणि कायम टोकापर्यंत भरलेला ठेवला की बॅटरी आणखी लवकर थकते. मधेच केव्हातरी काढून ठेवायचा.”

“म्हंजी म्याच खराब केला?”

“नाही हो. झिजणार तर होताच. जरा लवकर झिजला इतकंच.”

अक्काने मान हलवली. तिला रागही आला नाही आणि वाईटही वाटलं नाही. शेळीने पाला खाल्ला असं कुणी सांगावं, इतक्या शांतपणे तिने ते घेतलं. रविवारी तिच्या मुलाने तो फोन तळेगावच्या दुकानात नेला. दुकानदाराने बॅटरी काढून वेगळी ठेवली, कचऱ्यात टाकायला दिली नाही. काच मात्र वाचली नाही, ती बदलावी लागली. आता अक्का फोन माजघरात फळीवर ठेवते, उघडाच, वर एक रुमाल टाकून. चार्जिंगला लावताना रुमाल काढते. लाइटच्या भीतीने अजूनही ती गरजेपेक्षा जास्त वेळ लावून ठेवते, पण मी आता काही बोलत नाही.

माझ्या फोनची नवी बॅटरीही नवी राहिलेली नाही. मधे एकदा बघितलं तर आकडा दोन-तीनने उतरला होता. सुरुवातीला मी दर आठवड्याला बघायची, मग सुनेने सांगितलं की तो रोज बघण्यासारखा आकडा नाही, आणि ते बरोबरच होतं. ऐंशीच्या आसपास भरला की काढते, अगदी तळाला जाऊ देत नाही, खिडकीत ठेवत नाही. एवढ्याने ती थोडी जास्त टिकेल. कायमची टिकणार नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर अक्का माझ्याकडे राहायला आली. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाकडे आठ दिवस राहिली असेल. पहिल्या दोन सकाळी ती अंधारातच उठून बसली, धारेच्या वेळेला, आणि काय करावं ते न कळून अंगण झाडत राहिली. आमचं अंगण म्हणजे सोसायटीचा जिना. तिसऱ्या दिवशी ती उजाडेपर्यंत झोपली.

तिला कार्ल्याची लेणी बघायची होती. जन्म याच तालुक्यात गेला, पण दोन धारांच्या मधे लेणी बसत नव्हती. आम्ही एसटीने कार्ला फाट्यावर उतरलो, रिक्षाने पायथ्याशी गेलो आणि पायऱ्या हळूहळू चढलो, तिच्या गुडघ्यांच्या चालीने. वर देवीच्या दर्शनाची गर्दी होती. आम्ही चैत्यात शिरलो तेव्हा आत गारवा होता. अक्काने आधी स्तूपाला वंदन केलं, मग भिंतीच्या कडेला बसली आणि छताकडे बघत राहिली. तिथल्या लाकडी कमानी बघून तिने मला दोनदा विचारलं, “लाकूडच हाय का ह्ये?” मी हो म्हटलं. फोन माझ्या पर्समध्ये होता. फोटो काढायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

खाली उतरून रिक्षाने फाट्यावर परतलो, तिथे एक बाई पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती. नुकतीच आलेली, अजून थोडी आंबट. अक्काने एक चाखलं आणि म्हणाली, “आमच्या डोंगराची गोड असत्यात.” बाई म्हणाली, “कुटला तुमचा डोंगूर?” तिथून त्या दोघींचं सुरू झालं. बाईचं माहेर आंबीच्या पलीकडच्या गावातलं निघालं. कोण कुणाची, कुणाची जमीन कारखान्यात गेली, कुणाच्या पोरीचं लग्न झालं, असं चाललं. अक्का तिथेच फतकल मारून बसली. आमची एसटी समोरून गेली. मी हात केला नाही. पुढची यायला अवकाश होता, म्हणून मी आणखी एक द्रोण घेतला आणि त्यांच्यात जाऊन बसले.